एवढे तास त्या खेळात काय सापडतं?

प्रश्न : माझा भाचा कॉलेजात शिकतो. सुट्टीत आमच्याकडे आला की मोबाइलवर जपानी गेम खेळत बसतो. एकच गेम महिना-दीड महिना चालतो. डोकावून पाहिलं तर तेच ते राक्षस मारणं आणि बाकी नुसतं वाचणं. गोळीबार नाही, शर्यत नाही. यात त्याला काय मिळत असेल?
— एक वाचक, देसाईगंज (वडसा)

उत्तर : भाचा जे खेळतो त्याला जेआरपीजी म्हणतात. आपण एका पात्राची भूमिका घ्यायची, गावोगाव फिरायचं, सोबती जमवायचे आणि मोठी गोष्ट शेवटाला न्यायची. हा प्रकार जपानच्या घराघरांत पोहोचवला तो १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. तो रचणारे युजी होरी हे मुळात मासिकांत लिहिणारे लेखक. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे अमेरिकी संगणक-खेळ त्यांना आवडत, पण ते फार अवघड होते. ज्याची बोटं बटणांवर भराभर चालत नाहीत त्यालाही शेवट गाठता यावा, असा खेळ होरींना हवा होता. म्हणून लढाई पाळीपाळीने होते. आपली पाळी आली की खेळ थांबून राहतो. वार करायचा, मंत्र टाकायचा, औषध घ्यायचं की पळ काढायचा, हे सावकाश ठरवा.

त्या पहिल्या खेळाची सुरुवातच बघा. राजवाड्यातून बाहेर पडल्या पडल्या पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. अगदी समोर. पण मधल्या पाण्यावर पूल नाही. तिथे पोहोचायला सगळा मुलूख पालथा घालावा लागतो. तीन वस्तू मिळवायच्या, मगच इंद्रधनुष्याचा पूल उभा राहतो. आरंभी निळ्या रंगाचा एक इवलासा स्लाइमसुद्धा जीव मेटाकुटीला आणतो. नदीवरचा एखादा पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस एकदम भारी पडतात. हरलात तर राजासमोर पुन्हा जागे होता आणि गाठीचे निम्मे पैसे गेलेले असतात. अनुभवाचे गुण मात्र एकही कमी होत नाहीत.

माझ्या मते गोडी आहे ती याच नियमात. हरलेल्या लढाईआधी कमावलेलं बळसुद्धा अंगी राहतं. तुम्हाला जे ‘तेच ते राक्षस मारणं’ वाटलं, ते भाच्याच्या लेखी थेंबे थेंबे तळं साचणं आहे. काल ज्या पुलापलीकडे पाऊल टाकवत नव्हतं तिथे आज तो बिनधास्त फिरतो, आणि हा फरक त्याला आकड्यांत दिसतो. शेतात किंवा अभ्यासात कष्टाचा मोबदला इतका चोख क्वचितच मिळतो. तरुण मुलाला त्याची ओढ वाटली तर मला त्यात नवल वाटत नाही.

पण नुसते आकडे वाढवायला कुणी महिनाभर बसत नाही. खरी गोष्ट आहे लांबीची, आणि ती वडशाच्या माणसाला मी काय समजावणार! तुमचं गाव झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटक लागतं, घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री उघडलेला पडदा पार पहाटेपर्यंत चालतो. तेच नाटक दोन तासांत उरकलं तर प्रेक्षक खूश होईल का? रात्रभर सोबत काढली म्हणून शेवटच्या अंकातलं पात्राचं दुःख आपलं होतं. याच रंगभूमीवरचे नट, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी सुमारे ८०० भूमिका केल्या आणि प्रयोग ५००० च्या घरात. जपानी खेळात तीच रात्रभराची सोबत आहे, फक्त इथे प्रेक्षकानेच भूमिकेत शिरायचं असतं.

याचं सर्वांत धारदार उदाहरण १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये आहे. एरिथ ही त्यातली सोबतीण, लढाईत जखमा भरून काढणारी. तिच्यासाठी खेळणाऱ्याने चांगली काठी विकत घेतलेली असते, तिचं बळ लढाईगणिक वाढवलेलं असतं. कथेच्या मध्यावर येण्याआधीच ती मारली जाते आणि परत येत नाही. पुढच्या लढाईची तयारी करायला सोबत्यांची यादी उघडावी, तर तिचं नाव नसतं. तिच्यावर घातलेले तास असे अचानक गेल्याने जे चटका लावतं, ते सिनेमाला साधणं कठीण, कारण सिनेमात तिला वाढवलेलं आपण नसतो. जगभरचे खेळाडू अजून त्या प्रसंगाबद्दल बोलतात.

संगीताचंही तसंच. आपल्या नाटकात पद कानावर पडलं की प्रसंग उभा राहतो, तसं या खेळांत प्रत्येक गावाला, प्रत्येक सोबत्याला आपली धून असते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे संघ मैदानात आले ते जपानी व्हिडिओ गेमच्या धुनांवर. पहिली धून होती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची.

सगळंच छान आहे असं मात्र नाही. जुन्या खेळांत चार पावलं टाकली की लढाई उभी राहते. काही ठिकाणी तर लांबी ओढूनताणून आणलेली असते, आणि ती मला खरंच खटकते. नव्या काही मोबाइल खेळांत पात्रं मिळवायला पैसे घालून सोडत काढावी लागते. त्यापासून भाच्याला सावध करा. तिथे कष्टाची जागा नशिबाने घेतली आहे. एकदाच पैसे भरून पूर्ण मिळणारे खेळ बरे.

तुम्हाला स्वतःला करून पाहायचं असेल तर १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ घ्या. होरी आणि ‘फायनल फँटसी’चे हिरोनोबू साकागुची, दोघांनी मिळून केलेला हा खेळ आता मोबाइलवर मिळतो, वीस-पंचवीस तासांत संपतो आणि त्याला एकाहून अधिक शेवट आहेत. मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा भाच्याला शेजारी बसवा. यातल्या लढाईत मात्र शत्रू तुमच्या पाळीची वाट पाहत पूर्ण थांबून राहत नाही, तेव्हा पुढची चाल दोघांनी मिळून जरा झटपट ठरवावी लागेल.