रक्त, फीत आणि शब्द : 'टायटस अँड्रॉनिकस'चे दोन प्रयोग

बलात्कारानंतर जीभ आणि दोन्ही हात छाटली गेलेली लॅव्हिनिया आणि अपराधी राजपुत्रांचे मांस त्यांच्याच आईला वाढणारा तिचा पिता टायटस, हा शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस' (प्रथम मुद्रण १५९४) या सूडनाट्याचा गाभा. सेनेकाचे 'थायेस्टीस' आणि ओव्हिडची फिलोमेलाकथा यांचे ऋण त्यात उघड दिसते. सेनेकावरील १९२७ च्या निबंधात एलियटने या नाटकाची गणना अत्यंत मूढ नाटकांत केली. स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर स्मारक रंगमंदिरात तर १९५५ पर्यंत त्याचा एकही प्रयोग झाला नव्हता. दिग्दर्शकांना धास्ती होती ती प्रेक्षक घाबरण्याची नव्हे, हसण्याची.

पीटर ब्रुकने १९५५ मध्ये तेथे हे नाटक सादर केले, तेव्हा या हशावर त्याने शोधलेला उपाय कापडाचा होता. व्हिव्हियन लीची लॅव्हिनिया रंगमंचावर आली ती मनगटांतून आणि ओठांतून तांबड्या फिती लोंबत असलेली. या फितींची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. मात्र त्याच प्रवेशातील एका काटछाटीची दखल तितकीशी घेतली जात नाही. छिन्न पुतणी प्रथम दृष्टीस पडताच काका मार्कस जे ४७ ओळींचे भाषण करतो, ते ब्रुकने समूळ गाळले. शब्द गेले आणि त्यांच्या जागी चित्र आले; वस्तुतः फीत आणि काटछाट हा एकच निर्णय होय.

भारतीय अभ्यासकाला ही फीत परकी वाटू नये. युद्ध, राज्यभ्रंश, मरण यांचे अंकात प्रत्यक्ष दर्शन नाट्यशास्त्राने वर्ज्य ठरविले आणि ते प्रवेशकाच्या स्वाधीन केले. भट्टनारायणाने 'वेणीसंहारा'त ही मुभा मोठ्या धीटपणे वापरली आहे. तिसऱ्या अंकाच्या प्रवेशकात रणांगणावरील रक्तमांसावर ताव मारणारे राक्षसदांपत्य येते आणि दुःशासनाच्या वधाची वार्ता मात्र पडद्याआडून ऐकू येते. कथकळीतील 'दुर्योधनवधा'ने हा निर्बंध मानला नाही. तेथील रौद्रभीम दुःशासनाचे पोट सर्वांसमक्ष फाडतो, आणि आतडी म्हणून जे ओढून काढतो ते तांबडे कापडच असते.

कापड तेच असले तरी त्याचे कार्य भिन्न आहे. कथकळीत ते अपराध्याच्या देहातून निघते आणि त्याच्या रक्ताने माखलेले हात द्रौपदीच्या मोकळ्या केसांपर्यंत पोहोचतात; तिची प्रतिज्ञा तेथे फळाला येते. ब्रुकच्या प्रयोगात ते पीडितेच्याच अंगावर राहते. तिची व्यथा सुसह्य होते, क्वचित रमणीयही होते. पण ती कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. हे नाटक उपहासातून सोडविण्याचे श्रेय ब्रुकचेच; त्याची किंमत मात्र लॅव्हिनियाकडून वसूल झाली, असे म्हणणे भाग आहे.

डेबोरा वॉर्नरने १९८७ मध्ये स्ट्रॅटफर्डच्याच स्वान रंगमंदिरात उलट वाट धरली. संहितेतील एकही ओळ गाळली नाही आणि फितींनाही फाटा दिला. सोनिया रिटरची चिखलाने माखलेली लॅव्हिनिया समोर असताना मार्कसचे ते आलंकारिक भाषण संपूर्ण म्हटले गेले. वाचताना अप्रस्तुत वाटणारे हे अलंकार प्रयोगात वेगळेच काम करतात. जे पाहवत नाही त्याच्याकडे पाहत राहण्यासाठी माणूस उपमांचा आधार घेतो, आणि प्रेक्षकालाही तेवढा वेळ नजर वळवता येत नाही. संहितेने लांबविलेला हा वेळच ब्रुकने वाचविला होता. युकिओ निनागावाच्या प्रयोगात (स्ट्रॅटफर्ड, २००६) रक्तासाठी पुन्हा तांबडे धागे आले; म्हणजे वाद मिटलेला नाही.

या दोन्ही वाटांची खरी कसोटी पाचव्या अंकात लागते. राजपुत्रांचे गळे चिरताना त्यांचे रक्त धरण्यासाठी भांडे लागते, आणि ते आपल्या थोट्या हातांत लॅव्हिनियाच धरते. येथे ती चित्र नाही, सूडाची भागीदार आहे. भीमाने द्रौपदीसाठी जे केले, त्याचा एक अंश ती स्वतः करते. द्रौपदीची वेणी मात्र बांधली जाते. लॅव्हिनियाला पुढच्याच प्रवेशात, मेजवानीच्या पंक्तीत, बाप स्वतःच्या हाताने ठार करतो.