वृद्ध रुग्णाची रात्रीची रक्तशर्करा

इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा रुग्णालयात बहुधा जेवणापूर्वी व निजताना, बोटातून रक्ताचा थेंब काढून मोजतात. मधली रात्र अज्ञातच राहते. जेवण अर्धे टाकलेले, इन्शुलिनची मात्रा मात्र पूर्ण, असे झाल्यास १०० मिलिलिटर रक्तातील शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. तरुणास घाम सुटतो, हात कापतात. वृद्धास हे इशारे पुष्कळदा जाणवतच नाहीत, आणि त्याचे बरळणे वार्धक्याचे समजले जाते! दंडावर लावलेला संवेदक त्वचेखालील द्रवातील शर्करा दर ५ मिनिटांनी, म्हणजे दिवसातून २८८ वेळा नोंदवितो. ती घसरताच परिचारिकेस सूचना मिळू शकते. हा द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. म्हणून आकडा व लक्षणे जुळत नसतील, तेव्हा रक्ताचा थेंबच प्रमाण मानतात.