तोंड बांधून भागत नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीला निघालेला माणूस एक काळजी हमखास घेतो. दुपट्टा तोंडाला गुंडाळतो. कीटकनाशक पोटात गेलं किंवा नाकावाटे गेलं तर घात होतो, एवढं पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण फवारणाऱ्याच्या अंगात ते सगळ्यात जास्त शिरतं ते कातडीतून, आणि ही गोष्ट २०१७ च्या खरिपापर्यंत आमच्या घरात कुणी सांगितली नव्हती. त्या हंगामात माझ्या धाकट्या दिरांना विषबाधा झाली. त्यांचे कपडे धुताना मलाही त्रास झाला. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत, वेचणीच्या वेळी, लग्नाकार्यात, जिथे चार बाया-माणसं भेटतील तिथे मी हाच विषय काढते.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानत नव्हती, वर मावा, तुडतुडे, पांढरी माशी. लोक घाबरून फवारण्या वाढवत होते आणि दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवत होते. उंच पिकावर फवारायचं म्हणजे नळी वर धरावी लागते, आणि वर उडालेलं सगळं फवारणाऱ्याच्या अंगावर येतं. बॅटरीच्या पंपाचा दाब जास्त, त्यामुळे तुषार बारीक आणि ते हवेत बराच वेळ राहतात. दाट पिकात वारा नाही, त्यात घामाच्या धारा. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, कित्येकांची नजर गेली आणि काही दिवसांनी परत आली. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. वर्तमानपत्रांत रोज आकडे छापून येत होते.

भाऊजी दुसऱ्याच्या वावरात पंपामागे पैसे ठरवून फवारायला जायचे. पंपामागे मजुरी असली की माणूस मधे थांबत नाही, आंघोळ करत नाही, कपडे बदलत नाही. पंपाचं झाकण गळत होतं आणि सदऱ्याची पाठ दुपारपर्यंत चिंब झाली होती. संध्याकाळी घरी आले आणि ओट्यावरच बसले. "वहिनी, डोये चुरचुरून राहिले. समोरचं धूसर दिसते." सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलं असन, लिंबूपाणी दे त्याले." पण उन्हानं माणसाच्या तोंडाला लाळ सुटत नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ओकारी, आणि दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. कंदिलाजवळ नेऊन पाहिलं तर डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या.

हीच ऑर्गनोफॉस्फेट विषाची ओळख. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्याच जातीची. शरीरात एका नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचला की तो निरोप पुसून टाकणारं एक द्रव्य असतं, त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. हे विष त्या द्रव्यालाच जखडतं. निरोप पुसलाच जात नाही, म्हणून लाळ, घाम, अश्रू, जुलाब थांबत नाहीत, स्नायू फडफडतात, शेवटी थकून बंद पडतात. श्वासाचे स्नायू बंद पडले की माणूस जातो. अॅट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचतो. भाऊजी वाचले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कोणतं फवारलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदारानं तीन बाटल्या दिल्या होत्या, मालकाच्या गड्यानं कालवल्या होत्या. अॅट्रोपिन चालतं ते ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट जातीच्या विषावर. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिलवर त्याचा नेमका उतारा नाही, तिथे लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. म्हणून माणसाला गाडीत घालताना बाटलीही सोबत घ्या. गळकी असेल तर लेबलचा फोटो काढा, आजकाल प्रत्येक घरात फोन आहे. आणि दुकानदारानं तोंडी सांगितलेलं मिश्रण घेऊ नका. लेबलवर ज्या दोन औषधांच्या मिश्रणाची शिफारस नाही, ती एका पंपात घालू नका.

लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. अक्षर न येणाऱ्या बाईलाही हा रंग कळतो, म्हणून मी बायांना आधी तोच शिकवते. लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेली बाटली दुकानातच परत ठेवा आणि त्याच किडीसाठी निळं-हिरवं काय आहे ते विचारा. बहुतेक वेळा काहीतरी निघतं.

आता कातडीचं. सगळी कातडी सारखी नसते. हाताच्या कोपरापुढच्या कातडीतून जेवढं विष आत जातं, त्याच्या कितीतरी पट जास्त डोक्याच्या, कपाळाच्या, काखेच्या कातडीतून जातं, आणि जांघेत तर दहापटीहूनही अधिक. फवारताना नेमकी पँटच भिजते, कारण पाय ओल्या पऱ्हाटीतून चालतात. घाम आणि ऊन हा शोष आणखी वाढवतात. तोंडाला बांधलेला दुपट्टा एकदा भिजला की तो गालावर आणि ओठांवर दिवसभर बांधून ठेवलेली विषाची पट्टी होतो. दुपट्टा बांधू नका असं मी म्हणत नाही. पण तो बांधला म्हणजे काम झालं, हा समज जीव घेतो.

शहरातून येणारे अधिकारी संपूर्ण प्लॅस्टिकचा पोशाख दाखवतात. ऑक्टोबरच्या उन्हात तो घालून एक पंपही मारवत नाही, हे त्यांना वावरात उभं केल्याशिवाय कळत नाही. म्हणून जे जमतं तेच मी सांगते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेरून, म्हणजे ओघळ बुटात जात नाही. पाठीवर सदऱ्याच्या आत प्लॅस्टिकचा तुकडा, कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत पुढे प्लॅस्टिकचा अॅप्रन. डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल. रबरी किंवा नायट्रिलचे हातमोजे, कापडी कधीच नाहीत, कापड विष धरून ठेवतं. मास्क घ्यायचा तर कार्ट्रिजवाला, कारण साधा मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा, वारा पाठीवर घ्या, आणि जिथे फवारलं तिथून मागे सरका, ओल्यात पुढे शिरू नका. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, बारीक तार जवळ ठेवा. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा! आमच्याकडे हा सगळ्यात अवघड उपदेश. विषाचा हात खर्ऱ्याच्या पुडीला, पुडीतला घास तोंडात. फवारणीच्या दिवशी पुडी घरी ठेवा, भाकरीही हात साबणानं धुतल्याशिवाय खाऊ नका.

पण सगळ्यात मोठा धोका फवारणीच्या आधीचा आहे, आणि तिथे बहुधा बाई असते. धुऱ्यावर ड्रममधून पाणी काढणं, बाटलीतून माप घेणं, काडीनं ढवळणं, पंप भरून पाठीवर चढवणं. पंधरा लिटरच्या पंपात ३० मिली टाकलं, तर एक भाग विषाला पाचशे भाग पाणी होतं. याचा अर्थ बाटलीतला एक थेंब हातावर पडला, तर तो फवाऱ्याच्या पाचशे थेंबांइतका. फवारणारा हातमोजे घालतो की नाही यावर सगळे बोलतात. कालवणारीच्या हातांकडे कुणी बघत नाही, कारण ती फवारणाऱ्यांच्या हिशेबात धरलेलीच नसते. एकच हातमोज्यांचा जोड असेल तर तो कालवणाऱ्याला द्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं या कामाच्या जवळपासही जाऊ नये.

माझा त्रास कपड्यांतून आला. भाऊजींना गाडीत घालून नेलं आणि त्यांचा ओला सदरा न्हाणीत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो घरच्या धुण्यात घेऊन हातानं चोळला. डोकं जड झालं, मळमळलं, छाती आवळल्यासारखी झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे त्याच विषाचं. फवारणीचे कपडे घरात आणूच नका, बाहेरच काढा. हातमोजे घालून वेगळ्या बादलीत, साबण किंवा धुण्याचा सोडा घालून धुवा, पाणी दोनदा बदला, कडक उन्हात वाळत घाला. ते पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाऊ देऊ नका. आणि फवारून आलेला बाप आधी आंघोळ करेल, मगच लेकराला उचलेल. फवारलेल्या वावरात लेबलवर दिलेला काळ जाईपर्यंत वेचणीला किंवा निंदणीला जाऊ नका. ओटीत भरलेला कापूस दिवसभर पोटाला घासत असतो.

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोकं पाडा, म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं गेली. ते जेवण ज्या तेलात शिजवलं त्यात मोनोक्रोटोफॉस होतं. ही बातमी मी प्रत्येक बैठकीत सांगते, कारण आमच्याकडेही कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांत रॉकेल नाहीतर तेल भरून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

त्रास सुरू झाला तर माणसाला वावरातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्यानं केसांपासून नखांपर्यंत धुवा. उचलणाऱ्यानं हातमोजे घालावेत. डोळ्यांत गेलं असेल तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडा. ओकारी काढायला लावू नका, कारण या द्रावणांतलं रॉकेलसारखं तेल फुप्फुसात उतरतं. दूध, तूप, ताक काही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर मोफत सल्ला देतं. गावातल्या सलाईनवाल्याकडे वेळ घालवू नका.

बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नका. या विषात एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, श्वास अडणं असं दुसरं संकट येऊ शकतं, आणि ते दवाखान्यात असताना आलं तरच हाती लागतं. घरी आल्यावरही कोलिनेस्टरेज भरून यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थोडंसं विषही पहिल्यापेक्षा जास्त लागतं.

फवारण्या कमी होणं हाच खरा उपाय आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक कामगंध सापळे लावायला सांगतात, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करायला. आम्ही ते करून पाहिलं. एरवी शेजारी फवारतो म्हणून आपणही फवारायचं, असं चालायचं. फरदड, म्हणजे पुढे लांबवलेलं पीक, न घेता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटली की पुढच्या वर्षीची बोंडअळीही कमी होते.

एक प्रश्न मात्र कुठल्याच सापळ्यानं सुटत नाही. विषबाधेतून उठलेल्या मजुरानं काही आठवडे फवारणी करू नये असं डॉक्टर सांगतात, आणि घरात तेल-मीठ संपलेलं असतं. भाऊजी लवकरच पुन्हा पंप उचलायला निघाले होते. आम्ही मालकाशी भांडून त्यांना निंदणीचं काम मिळवून दिलं, पण त्याची मजुरी कमी. हा फरक ज्याच्या वावरात बाधा झाली त्या मालकानं भरून द्यावा, आणि धुऱ्यावर साबण, स्वच्छ पाण्याचा वेगळा ड्रम, हातमोज्यांचे दोन जोड ठेवल्याशिवाय कुणी पंप भरू नये, असा ठराव मी ग्रामसभेत मांडला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही. या खरिपाच्या आधी पुन्हा मांडणार आहे.