खो-खोचे मैदान : विज्ञानाची प्रयोगशाळा

विद्यार्थ्याने स्वतः पाहावे, मोजावे आणि मग अनुमान काढावे, या हेतूने विज्ञानाच्या शिक्षणात प्रकल्पाला स्थान मिळाले. परंतु बाजारातून आणलेली चित्रे आणि पुस्तकातून उतरविलेला मजकूर यांनीच पुष्कळदा प्रकल्पवही भरते. विद्यार्थ्याने मोजलेला एकही आकडा तीत नसतो. शाळेत पुरेशी साधने नाहीत, हे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण दूर सारणारा एक विषय महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या अंगणातच आहे. तो म्हणजे खो-खो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला नियमांची चौकट दिली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत पुरुष आणि महिला ही दोन्ही विजेतेपदे भारताने मिळविली. या खेळाला दोन खांब आणि मोकळी जागा यांहून अधिक काही लागत नाही. त्याच्या अभ्यासासाठीही मोजपट्टी, विरामघड्याळ, ताणकाटा आणि चुन्याची फक्की एवढेच साहित्य पुरते.

गटाची रचना

आठवी ते दहावीच्या सहा ते आठ विद्यार्थ्यांचा एक गट करावा. धावणारा, इशारा देणारा, वेळ घेणारे, अंतर मोजणारा व नोंद ठेवणारा अशी कामे वाटून द्यावीत आणि प्रत्येक प्रयोगानंतर ती बदलावीत. धावू न शकणारा विद्यार्थीही या गटाचा पूर्ण घटक असतो, कारण येथे धावण्याइतकेच महत्त्व मोजण्याला आहे. प्रथम गटाने एक प्रश्न निश्चित करावा. उदाहरणार्थ, ‘पळणारा आक्रमक स्वतः मागे का वळत नाही? तो बसलेल्या गड्याला खो का देतो?’ नियमात तशी मनाई आहे, हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. पुढील चार प्रयोगांतून त्याचे दुसरे उत्तर हाती येते.

पहिला प्रयोग : प्रतिक्रियाकाल

एका विद्यार्थ्याने ३० सें.मी.ची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ अंगठा व बोट किंचित विलग ठेवावे. पट्टी सोडताच ती पकडावी आणि किती अंतर घसरली ते पाहावे. पट्टी १० सें.मी. घसरली तर ०.१४ सेकंद, २० सें.मी. घसरली तर ०.२० सेकंद आणि ३० सें.मी. घसरली तर ०.२५ सेकंद लागले असे समजावे. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून हे आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावेत.

खो मात्र डोळ्यांनी पाहून घेतला जात नाही. तो पाठीवरच्या स्पर्शाने आणि आवाजाने कळतो. म्हणून हाच प्रयोग डोळे मिटवून पुन्हा करावा. पट्टी सोडताना सोडणाऱ्याने दुसऱ्या हाताने जोडीदाराच्या खांद्याला स्पर्श करावा. पुढच्या फेरीत ‘खो’ म्हणावे. प्रत्येक प्रकारी दहा वेळा मोजून सरासरी काढावी. तिन्ही सरासऱ्यांची तुलना हा गटाचा पहिला स्वतंत्र निष्कर्ष ठरेल.

दुसरा प्रयोग : बैठकीतून वेगाकडे

खेळाडू पाटीवर बसतो तसा धावणाऱ्याने बसावे. पुढे ५, १०, १५ आणि २० मीटरवर फक्कीच्या रेषा आखून प्रत्येक रेषेवर एक वेळ घेणारा उभा करावा. निशाण खाली येताच सर्वांनी घड्याळे सुरू करावीत आणि धावणारा आपापल्या रेषेवरून जाताच ती थांबवावीत.

समजा, या रेषांवर अनुक्रमे १.६, २.५, ३.३ आणि ४.१ सेकंद अशी वेळ आली. पहिल्या ५ मीटरमधील सरासरी वेग सेकंदाला ३.१ मी. येतो, दुसऱ्या टप्प्यात ५.६ मी. आणि पुढील दोन्ही टप्प्यांत ६.२५ मी. म्हणजे वेग वाढण्याचे बहुतेक काम पहिल्या १० मीटरमध्येच उरकते. त्वरण आणि एकसमान वेग या संज्ञांतील भेद आलेखावर स्पष्ट दिसतो.

मात्र घड्याळ दाबणाऱ्यालाही प्रतिक्रियाकाल असतो. निशाण पाहून दाबताना होणारा उशीर आणि रेषेवरचा धावणारा पाहून दाबताना होणारी चूक सारखी नसते. १.६ सेकंदाच्या मोजमापात ०.२ सेकंदाची चूक म्हणजे आठवा हिस्सा होय. म्हणून पाच वेळा धावून सरासरी घ्यावी. भ्रमणध्वनीवर चित्रण केल्यास आणि त्यात सेकंदाला ३० चौकटी असल्यास, दोन चौकटींमधील काल सुमारे ०.०३ सेकंद असतो. चौकटी मोजून घड्याळाची वेळ पडताळता येते. चूक किती असू शकते हे सांगणे, हा वैज्ञानिक प्रामाणिकपणाचा पहिला धडा आहे.

तिसरा प्रयोग : मैदानाची पकड

जुना बूट वाळूच्या पिशवीने जड करून ताणकाट्याने त्याचे वजन करावे. मग तोच काटा आडवा लावून बूट मैदानावरून ओढावा आणि तो हलू लागताना काटा काय दाखवितो ते टिपावे. ओढीचा आकडा भागिले वजनाचा आकडा म्हणजे घर्षणांक. वजन ५ किलो आणि ओढ ३ किलो आल्यास घर्षणांक ०.६ होतो. कोरडी भुसभुशीत माती, पाणी शिंपडून दाबलेली माती आणि चिखल अशा तीन ठिकाणी हे मोजावे. पिशवीतील वाळू दुप्पट केल्यास ओढही जवळजवळ दुप्पट लागते. गुणोत्तर मात्र फारसे बदलत नाही, हेही पाहावे.

चौथा प्रयोग : खांबाभोवतीचे वळण

वर्तुळात वळणाऱ्या शरीराला केंद्राकडे खेचणारे बल लागते. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, असे त्याचे सूत्र आहे. ४० किलो वस्तुमानाचा खेळाडू सेकंदाला ४ मी. वेगाने १ मी. त्रिज्येत वळला तर त्यास ६४० न्यूटन बल लागेल. त्याचे स्वतःचे वजन केवळ ३९२ न्यूटन असते. घर्षणांक ०.६ असलेली जमीन याहून कमी, म्हणजे सुमारे २३५ न्यूटनच बल पुरवू शकते. साहजिकच खेळाडूपुढे तीन मार्ग उरतात : वेग कमी करावा, वळण मोठे घ्यावे किंवा खांब हाताने धरावा. कसलेला आक्रमक खांबाला हात घालतो तो याचसाठी. जमिनीला न झेपणारे बल खांब पुरवितो.

मुलांनी फक्कीने १, २ व ४ मी. त्रिज्येची वर्तुळे आखून न घसरता किती वेगाने धावता येते ते मोजावे. सूत्रात वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते. म्हणून ‘वजनदार गडी वळणावर अधिक घसरतो’ ही मैदानावरची समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. वळताना घसरून इजा होऊ नये यासाठी प्रथम कमी वेगाने धावावे, खडे वेचून टाकावेत आणि क्रीडाशिक्षक जवळ असावेत.

मूळ प्रश्नाचे उत्तर

सेकंदाला ६ मी. वेगाने पळणाऱ्या आक्रमकास ०.६ घर्षणांकाच्या जमिनीवर थांबण्यास, ढोबळ गणिताने, सुमारे ३ मी. अंतर आणि १ सेकंद लागतो. त्यानंतर उलट दिशेस शून्यातून वेग घ्यावा लागतो. शेजारी बसलेला गडी मात्र आधीच स्थिर असतो आणि एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे असल्यामुळे दुसऱ्या बाजूस जाण्यास सज्जही असतो. त्याचा खर्च फक्त प्रतिक्रियाकालाचा. याचा अर्थ, एका शरीराचे जडत्व मोडण्याऐवजी खो दुसरे शरीर कामास लावतो. संरक्षक हुलकावणी देतो ती आक्रमकाच्या याच जडत्वाचा लाभ घेण्यासाठी. न्यूटनचा पहिला नियम विद्यार्थी पाठ करतो; येथे तो त्याला पायांनी कळतो.

नोंदी आणि मूल्यमापन

मैदानावर लिहिलेली मूळ वही, खाडाखोडीसह, जपून ठेवावी. न जुळणारा आकडा खोडू नये. तो का आला याचा विचार लिहावा. गुणदान करताना मुखपृष्ठाच्या सजावटीपेक्षा या वहीला अधिक महत्त्व द्यावे. विद्यार्थ्यांचे वजन आणि वेग नावानिशी फलकावर लावू नयेत, क्रमांक वापरावेत. कोणाच्या शरीराची थट्टा होईल असे काही घडू देऊ नये. मुलींचे गटही सर्व प्रयोगांत, घड्याळ धरण्यात तसेच धावण्यात, बरोबरीने असावेत.

अशा प्रकल्पाचा निष्कर्ष शाळेच्या भिंतीआड राहण्याचे कारण नाही. पाणी शिंपून दाबलेल्या आणि भुसभुशीत मातीचे घर्षणांक विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायतीपुढे मांडले, तर मैदानाच्या देखभालीची मागणी केवळ विनंती न राहता पुराव्यासह येईल. पंचायत सदस्यांनी ती ऐकावी आणि शक्य तेथे रोलर, पाणी व माती यांची सोय करून द्यावी. देखभालीनंतर तेच मोजमाप पुन्हा घेऊन किती फरक पडला हे मुलांनी सांगावे. मोजून मागणे आणि मोजून हिशेब देणे ही सवय ज्या पिढीला शाळेच्या मैदानावर लागेल, तिच्या हाती उद्या गावाचा कारभारही अधिक डोळसपणे चालेल.