धूर की धुके?

दूरच्या डोंगरावर धूर दिसला की तेथे आग असणार, असे अनुमान आपण करतो. पण वेळ पहाटेची असेल तर? दिसते तो धूर की धुके, हे आधी ठरवावे लागते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या निदानातही हाच प्रश्न उभा राहतो.

हा रोग सुरुवातीला गुपचूप वाढतो. खोकला, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. शिवाय हीच लक्षणे क्षयाचीही असतात आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही रोगांचे डाग सारखे दिसू शकतात. आपल्याकडे क्षय पुष्कळ. त्यामुळे कर्करोगाच्या काही रुग्णांना आधी क्षयाचीच औषधे दिली जातात आणि मोलाचे दिवस वाया जातात. मग नुसते रक्त तपासून हा रोग ओळखता आला तर?

शरीरात सापडणाऱ्या, मोजता येणाऱ्या अशा खुणेला 'जैवचिन्हक' म्हणतात. 1965 मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन शोधले. त्याचे संक्षिप्त नाव सीईए. फुप्फुसाच्या कर्करोगातही काही रुग्णांच्या रक्तात ते वाढते, काहींच्या वाढत नाही. उलट, कर्करोग नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांतही ते वाढलेले आढळते!

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, एक चाचणी 100 रुग्णांपैकी 90 जणांना बरोबर ओळखते, पण 100 निरोगी माणसांपैकी 10 जणांना चुकून रोगी ठरवते. ती 1000 माणसांवर वापरू. त्यांपैकी 10 जणांना रोग आहे असे धरा. त्यांतले 9 सापडतील. पण उरलेल्या 990 निरोगी माणसांतले 99 जणही रोगी ठरतील. म्हणजे एकूण 108 जणांत खरे रुग्ण फक्त 9. बारांत एक! बाकीच्या अकरा जणांची झोप विनाकारण उडेल.

आता हीच चाचणी छातीत संशयास्पद गाठ दिसलेल्या 1000 जणांवर वापरा. त्यांतील निम्म्यांना रोग आहे असे धरा. 450 खरे रुग्ण सापडतील आणि 50 निरोगी चुकून रोगी ठरतील. म्हणजे दहांत नऊ बरोबर! चाचणी तीच, पण उत्तराचा अर्थ बदलला. तरीही 50 रुग्ण निसटलेच, हे विसरू नका.

म्हणूनच निश्चित निदानासाठी गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मग जैवचिन्हके निरुपयोगी का? मुळीच नाही. काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालेला असतो आणि अशा रुग्णांना विशिष्ट गोळ्या चांगल्या लागू पडतात, असे 2004 मध्ये दिसून आले. कोणते औषध द्यायचे, हे येथे जैवचिन्हक सांगते.

उद्या वर्तमानपत्रात '90 टक्के अचूक चाचणी' अशी बातमी वाचलीत, तर दोन प्रश्न जरूर विचारा : ती किती निरोगी माणसांना रोगी ठरवते? आणि ती कोणावर वापरायची आहे?