भंडारदऱ्याच्या काठी तंबूतील शिबिर : जागेची निवड आणि तेथील पाठ

डोंगर, दरी, उगम, जलाशय हे शब्द पाचवी-सहावीच्या मुलांना पाठ असतात. परंतु पाणलोट म्हणजे काय, असे विचारले असता पुष्कळ मुले गप्प राहतात. ही उणीव फळ्यावरील आकृतीने भरून येत नाही. ज्या ठिकाणी उभे राहून नदीचा उगम, तिला अडविणारी भिंत आणि तिच्या भोवतीचे डोंगर एकाच दृष्टिक्षेपात येतात, त्या ठिकाणी एक रात्र काढली म्हणजे तो शब्द मुलांचा होतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हे असे स्थळ आहे.

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा शेंडी गावाजवळ विल्सन धरणाने अडविली आहे. हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्यामागील जलाशयास आर्थर सरोवर म्हणतात. त्याची साठवण सुमारे ११ हजार दशलक्ष घनफूट आहे. वरच्या टोकास रतनवाडी व तेथील अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय, पाठीमागे नेढे असलेला रतनगड, आणि दुसऱ्या अंगास महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) अशी ही रचना आहे. शेंडी, मुरशेत, रतनवाडी या गावांच्या आसपास स्थानिक लोक तंबूंची सोय करतात. हा बराचसा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने मुक्कामापूर्वी वनखात्याची परवानगी व ग्रामस्थांची संमती घेणे आवश्यक होय.

पर्यटकांना अगदी पाण्याला टेकून असलेला तंबू आवडतो. शाळेच्या शिबिरासाठी ती जागा सर्वांत वाईट समजावी. जलाशय म्हणजे गावतळे नव्हे. पावसाळ्यात तो काठोकाठ भरतो आणि पुढे शेतीसाठी पाणी सोडले जाते तसतसा उतरत जातो. उघडा पडलेला काठ वरून सुकलेला दिसतो, पण खाली गाळ ओला असतो. आणि एका पावलावर घोटाभर असलेले पाणी पुढच्या पावलास पुरुषभर खोल असू शकते. नदीत पोहणारी मुलेही येथे फसतात, कारण नदीचा काठ त्यांच्या ओळखीचा असतो, हा नसतो. म्हणून तंबू पाण्यापासून दूर, काठापेक्षा चांगल्या उंचीवरील सपाटीवर द्यावेत. पाण्याकडे जाण्याची एकच वाट ठरवावी, तिच्या तोंडाशी शिक्षक बसवावा आणि सूर्यास्तानंतर ती वाट बंद करावी. पोहणे कार्यक्रमात असूच नये.

उंचवट्यावर राहण्याचा आणखी एक लाभ आहे. रात्री डोंगरउतारावरील हवा थंड होते, जड होते आणि खाली सरकत खोलगट भागात साचते. त्यामुळे हिवाळ्यात दरीच्या तळाशी असलेला तंबू थोड्या वर असलेल्या तंबूपेक्षा अधिक गारठतो. दोन ठिकाणी तापमापी टांगून पहाटे आकडे टिपून घेतले तर हाच एक उत्तम पाठ होतो. मात्र उंचवटा म्हणजे डोंगराची धार किंवा एकटे झाड नव्हे. तंबूचे दार वाऱ्याकडे पाठ करून असावे, ताणदोरांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, म्हणजे अंधारात मुले अडखळत नाहीत. तंबूभोवती चर खणण्याची जुनी पद्धत सोडलेली बरी. तिने माती वाहून जाते. किंचित उतार असलेली जागा निवडली की पाणी आपोआप निघून जाते. शौचाची जागा पाण्यापासून निदान ६० मीटर दूर हवी.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. थंडीच्या रात्री लहान मुले कुडकुडू लागली की कोळशाची शेगडी तंबूत घ्यावी, असा मोह दयाळू शिक्षकालाच होतो. ही दया प्राणघातक आहे. कोंडलेल्या जागेत कोळसा किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्यास जागही येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामण येथे एका निवासात खोलीतील गॅसच्या उष्मकामुळे केरळातील ८ पर्यटक दगावले. त्यांत ४ मुले होती. ती खोली होती, तंबू तर त्याहून लहान. विझत आलेले निखारेदेखील आत नेऊ नयेत. ऊब हवी असेल तर खाली पेंढा किंवा जाड सतरंजी अंथरावी, कानटोपी घालावी आणि झोपण्यापूर्वी गरम पेज द्यावी. कोणास डोकेदुखी, मळमळ, गुंगी वाटल्यास तत्काळ उघड्यावर आणून दवाखान्यात हलवावे.

हाच नियम निवासाच्या मोटारगाडीस लागू आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली. त्यांत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असते. परंतु बंद गाडीत चूल पेटवून झोपणे किंवा तंबूशेजारी इंजिन चालू ठेवणे तितकेच धोक्याचे. एका बाबतीत मात्र गाडी तंबूपेक्षा सुरक्षित ठरते. मे महिन्यातील वळवाच्या वेळी वीज कडाडू लागली तर तंबूचा काहीच आसरा नसतो. पत्र्याची बंद गाडी किंवा पक्के घर गाठावे.

पाठांना तेथे तोटा नाही. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७४५ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईचे शिखर तिच्याहून ९०० मीटर वर. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, तर माथ्यावर किती थंडी असेल, हे उदाहरण मुलांनी सोडवावे. पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो. त्यामुळे शिखरावर पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते आणि भात शिजायला वेळ लागतो. स्वयंपाकाच्या ताईंना हे मुलांआधी ठाऊक असते. त्यांनाच पाठ सांगू द्यावा. धरणाच्या खाली प्रवरा रंधा धबधब्यावरून उडी घेते आणि पुढे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी भागांतील ऊस भिजवून प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. नकाशावर ही वाट मुलांनी बोटाने फिरवावी आणि मग विचारावे, ऊस कोठे पिकतो व पाऊस कोठे पडतो? या प्रश्नावर वर्गात वाद झाला तर तो थांबवू नये.

मेअखेरीस व जूनच्या आरंभी येथील झाडे काजव्यांनी लखलखतात. ते पाहण्यास मोठी गर्दी लोटते. शाळांनी त्या दिवसांत मुक्काम न केलेला बरा. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात, आणि गर्दीच्या पावलांखाली पुढील वर्षीचे काजवे चिरडले जातात. शाळेसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य.

निघताना प्रत्येक तंबूच्या खुंट्या मोजून घ्याव्यात, चुलीची राख पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत ढवळावी, आणि मुलांची हजेरी गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा नावानिशी घ्यावी.