*विम्याचा दर ठरवतं कोण? सही करायच्या आधी हे वाचा*



मागच्या आठवड्यात आपले एक सभासद राजारामपुरीच्या ऑफिसात दोन कागद घेऊन आले. ट्रॅक्टर एकच, पण दोन एजंटांचे आकडे वेगवेगळे. "दर सरकार ठरवतं म्हणतात, मग हा फरक कसला?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून आजचा धडा त्यावरच.

*१) थर्ड पार्टी: दर सरकारचा*
आपल्या ट्रॅक्टरमुळं दुसऱ्याला इजा झाली, कुणाचा जीव गेला किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणं तो सक्तीचा आहे. याचा मूळ दर केंद्र सरकार जाहीर करतं. सध्याचे नियम १ जून २०२२ पासून लागू झाले. कंपनी कुठलीही घ्या, हा दर तोच. इथं घासाघीस नाही, आणि जास्त मागायचा हक्कही कुणाला नाही.

*२) आपल्या ट्रॅक्टरचं नुकसान: दर कंपनीचा*
पूर्वी हा दरही देशभर एकच असायचा, एक समिती तो ठरवायची. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळीक मिळाली. विमा नियामक म्हणजे इर्डा (ऑफिस हैदराबादला) कंपन्यांवर देखरेख ठेवतं, पण तुमचा आकडा ठरवत नाही. आपल्या सभासदांच्या दोन कागदांतला फरक इथलाच होता.

म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा आणि हे बघा:
• *आयडीव्ही*, म्हणजे पॉलिसीत धरलेली ट्रॅक्टरची किंमत. ही कमी धरली की हप्ता स्वस्त दिसतो, पण ट्रॅक्टर चोरीला गेला तर पैसेही तेवढेच कमी मिळतात. स्वस्त कागदात हेच झालं होतं.
• *नो क्लेम बोनस*. वर्षभर क्लेम नसेल तर २० टक्के सूट, सलग पाच वर्षं नसेल तर ५० टक्के. कंपनी बदलली तरी ही सूट टिकते. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती जाते.
• *वापर*. शेतीसाठी म्हणून पॉलिसी काढली आणि हंगामात भाड्यानं ऊस वाहतूक केली, तर क्लेमच्या वेळी वाद होतो. ट्रॉलीची नोंद आहे का तेही तपासा.

*३) पीक विमा: दर कंपनीचा, तुमच्या हिश्श्याला मर्यादा*
प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कंपन्या निविदा भरून दर सांगतात. तो कितीही निघाला तरी शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के. उरलेलं केंद्र आणि राज्य भरतं.

हिशोब करून बघू. समजा हेक्टरी संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आणि कंपनीचा दर ८ टक्के. एकूण हप्ता ४,००० रुपये, त्यात तुमचे १,०००. बाकी ३,००० सरकारचे. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे सोयाबीन असेल तर तुमचे साधारण २०० रुपये होतात. (आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या पिकाची खरी रक्कम भरायच्या वेळी बघा.)

हप्ता सरकारच्या तिजोरीतूनही जातो, म्हणून कंपनीच्या नफ्यालाही वेसण घातली. २०२० साली बीड जिल्ह्यात आणि पुढं राज्यभर ८०:११० ची पद्धत आली. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्य उचलतं. भरपाई कमी झाली तर कंपनी हप्त्यातले २० टक्क्यांपर्यंतच ठेवते, बाकी राज्याला परत करते.

आणि ध्यानात ठेवा: २०२३ ची एक रुपयातली योजना खरीप २०२५ पासून बंद झाली. "एक रुपयात काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ऊस या योजनेत नाही. भात, सोयाबीन, भुईमूग, नाचणी वाल्यांनी फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी वेळेत करावी.

*जास्त पैसे मागितले तर*
सीएससी केंद्राला अर्जामागं ४० रुपये विमा कंपनी देते. तुम्ही फक्त आपला हिस्सा भरायचा. पावतीवर पीक, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम जागेवरच तपासा.
• पीक विम्याची तक्रार: १४४४७
• इतर विमा, इर्डाची तक्रार सेवा: १५५२५५
• आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्यासाठी ऑफिस पुण्यात, फी नाही.

थोडक्यात, आकडा ऐकला की पहिला प्रश्न: *हा दर कुणी ठरवला?* सरकारनं ठरवला असेल तर एक रुपयाही जास्त देऊ नका. कंपनीनं ठरवला असेल तर दुसरीकडं विचारल्याशिवाय सही करू नका.

पॉलिसी समजत नसेल तर कागदाचा फोटो याच नंबरवर पाठवा किंवा ऑफिसात या. आधार नंबर आणि ओटीपी मात्र कुणालाच पाठवू नका, आम्हालाही नाही.